पीप साइटला स्पिरिट लेव्हल लावायचीय? सोलापुरातल्या नव्या रायफल नेमबाजांसाठी

पॅरिस २०२४ मध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ जिंकलं आणि आपल्याकडच्या पोरांचं रायफलकडे बघणं बदललं. आता क्लबात नाव घालून दोन-तीन महिने झाले की प्रत्येकाचा एक प्रश्न ठरलेला: "दादा, काही जणांच्या फ्रंट साइटमध्ये तो बुडबुडा दिसतो, तो मला कुठं मिळेल?" हा बुडबुडा म्हणजे स्पिरिट लेव्हल, रायफल कललीय का ते दाखवणारी छोटी पाणसळ. कुठं मिळेल याचं उत्तर सोपं आहे. घ्यावा का, कुठला घ्यावा आणि आणल्यावर काय करावं, हे मात्र कोणी नीट सांगत नाही. नव्या पेठेत चष्म्याच्या काचेपासून मोबाइलच्या स्क्रूपर्यंत सगळं मिळतं, पण साइटची लेव्हल हातात घेऊन, डोळ्याला लावून पाहायची सोय तिथं नाही. फोटो पाहून ऑर्डर करावी लागते आणि तिथंच घोळ होतो. म्हणून हे सगळं एका जागी लिहून काढलंय.

मी पीप साइटच्या, म्हणजे मागच्या साइटच्या बारीक छिद्रातून नेम धरायच्या रायफलीबद्दलच बोलतोय. ओपन साइटवाल्यांनी कँटचा (रायफल कलण्याचा) भाग तेवढा वाचावा, बाकीचं तुमच्या कामाचं नाही.

१. लेव्हलच्या आधी इव्हेंट ठरवा

पैसे घालवण्याआधी वाचायची गोष्ट हीच, म्हणून ती सगळ्यात वर ठेवलीय. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमांत १० मीटर एअर रायफल आणि ३०० मीटर स्टँडर्ड रायफल या दोन्हींवर स्पिरिट लेव्हल चालत नाही. थंब रेस्ट, पाम रेस्ट, हील रेस्ट यांच्या रांगेत तिचंही नाव बंदीच्या यादीत आहे. ५० मीटर रायफलला, म्हणजे प्रोन आणि थ्री पोझिशनला, ही बंदी नाही.

सोलापुरात शिकणारी बहुतेक मुलं १० मीटरवरच सुरुवात करतात. म्हणजे जे सगळ्यात आधी लेव्हल मागतात, त्यांनाच ती मॅचमध्ये वापरता येत नाही! सराव करताना वापरायला कोणी अडवत नाही आणि शिकण्यासाठी ती उपयोगीही आहे. पण त्यासाठी महागातली जर्मन लेव्हल घ्यायची गरज नाही. पुढं स्वस्त पर्याय दिलेत.

नियमांची पुस्तकं अधूनमधून बदलतात. ज्या स्पर्धेला जाणार, तिथं लागू असलेली चालू आवृत्ती कोचकडून मागून घ्या आणि रायफलीचं प्रकरण स्वतः वाचा. "मागच्या वर्षी एकाने लावली होती, कोणी काही म्हटलं नाही" हा इक्विपमेंट कंट्रोलच्या (मॅचआधीच्या साहित्य तपासणीच्या) टेबलावर चालणारा युक्तिवाद नव्हे.

२. कँटने नुकसान किती होतं, ते आकड्यात बघा

रायफल डावीकडे किंवा उजवीकडे कलली की त्याला कँट म्हणतात. साइट वर असते आणि नळी खाली. गोळी जाता जाता खाली पडते, म्हणून नळीचं तोंड नजरेच्या रेषेपेक्षा किंचित वर रोखलेलं असतं. रायफल उजवीकडे कलली की ही 'वर'ची दिशाही उजवीकडे कलते. गोळी उजवीकडे जाते आणि अगदी थोडी खाली. डावीकडे कललात तर डावीकडे.

किती जाते? गोळी त्या अंतरात जेवढी खाली पडते, त्या प्रमाणात. एअर रायफलचं पेलेट (छर्रा) सेकंदाला साधारण १७० मीटर वेगाने जातं, म्हणजे १० मीटरला सुमारे १७ मिलिमीटर पडतं. एक अंश कँटने ते जेमतेम ०.३ मिमी बाजूला सरकतं. डेसिमल स्कोरिंगमध्ये ०.१ ची एक पायरी ०.२५ मिमीची असते. म्हणजे १० मीटरवर एक अंश कँट म्हणजे ढोबळमानाने एक डेसिमल. पाच अंश कललात तर सुमारे दीड मिमी, म्हणजे १०.६ चा शॉट नेमक्या बाजूला असेल तर थेट दहाच्या काठावर.

५० मीटरला पॉइंट २२ ची गोळी पोचेपर्यंत साधारण १२ सेंटीमीटर पडते. तिथं एक अंशाला दोन मिमीहून जास्त फरक पडतो. ५० मीटरच्या टार्गेटवर ०.१ ची पायरी ०.८ मिमीची, म्हणजे एका अंशात अडीच-तीन डेसिमल. लेव्हलचा खरा उपयोग ५० मीटरला का आहे, ते या हिशेबातच कळतं.

प्रत्येक शॉट एवढ्याने पडेलच असंही नाही. काही वेळा कँटची चूक गोळीला आत ढकलते. तेव्हा तुम्ही खूश होता आणि तीच सवय पक्की करता.

आणखी एक खूण लक्षात ठेवा. कँटमुळे होणारी चूक जवळपास सगळी आडवी असते. तुमचा ग्रुप (एकाच नेमावर मारलेल्या शॉटचा पुंजका) उभट पसरत असेल, तर लेव्हल घेऊन काही होणार नाही. श्वास, खांद्यावरचा बट, फॉलो-थ्रू बघा. ग्रुप घड्याळातल्या तीन आणि नऊच्या दिशेने लांबट होत असेल, तर कँटवर संशय घ्यायला जागा आहे. मात्र ट्रिगरवर बोट आडवं पडणं, गालाचा दाब कमीजास्त होणं आणि ५० मीटरला वारा, हे तिघंही तोच चेहरा घेऊन येतात.

३. आधी स्वतःची रायफल मोजा

फ्रंट साइटच्या टनेलमध्ये (नळीच्या पुढच्या टोकावरच्या नळकांड्यात) जी रिंग बसते, तिचे दोन माप सर्रास चालतात: १८ मिमी आणि २२ मिमी. लेव्हल टनेलमध्ये बसणारी असेल, तर ती याच मापाची लागते. १८ ची लेव्हल २२ च्या टनेलमध्ये लडबडते आणि २२ ची १८ मध्ये शिरतच नाही. वेबसाइटवरच्या फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात, आणि बहुतेकांची फसगत इथंच होते.

मोजपट्टीने अंदाज घेऊ नका, व्हर्नियर वापरा. घरी नसेल तर अक्कलकोट रोड एमआयडीसीत कुठल्याही लेथवाल्याकडे असतो. रायफल घेऊन तिथं जायचं नाही. टनेलची रिंग काढून खिशात टाका आणि तेवढीच मोजून आणा.

लिहून ठेवायच्या गोष्टी:

- रिंगचा बाहेरचा व्यास आणि जाडी
- टनेलची आतली लांबी, आणि रिंग बसवल्यावर पुढे-मागे उरणारी जागा
- रिंग आवळायची चकती आट्यांची आहे की दाबून बसवायची
- फ्रंट साइट नळीवर कशी बसलीय: ११ मिमीच्या डव्हटेल रेलवर, की गोल क्लॅम्पने
- साइट सैल केली तर नळीभोवती थोडी फिरते का

शेवटचा मुद्दा बारीक वाटतो, पण नवव्या पायरीला तोच कामी येतो.

४. लेव्हलचे प्रकार, आणि माझं स्पष्ट मत

*टनेलमधली लेव्हल.* रिंगच्या खालच्या बाजूला एक छोटी वाकडी काचनळी असते. पीपमधून बघताना रिंग, बुल (टार्गेटचा काळा गोल) आणि खाली बुडबुडा, सगळं एकाच नजरेत येतं. डोळा हलवावा लागत नाही आणि रिंग नि बुडबुडा जवळपास एकाच अंतरावर असल्याने दोन्ही एकदमच स्पष्ट दिसतात. ५० मीटरवाल्यांनी हीच घ्यावी. गेहमान, सेंट्रा, आन्शुट्झ, एएचजी ही नावं तुमच्या कानावर येतीलच. चांगल्या कारखान्याची असली की नावावरून भांडण्यात अर्थ नाही, माप जुळणं महत्त्वाचं.

*टनेलच्या बाहेर, वर किंवा खाली लावायची लेव्हल.* माप जुळण्याची कटकट कमी. पण पीपचं छिद्र लहान असतं. त्यातून टनेलच्या बाहेरचं किती दिसेल, हे तुमच्या साइटच्या लांबीवर आणि आयरिस (पीपचं लहानमोठं करता येणारं छिद्र) किती उघडी आहे त्यावर ठरतं. घेण्याआधी कागदाचा तेवढाच तुकडा टनेलला चिकटवून पीपमधून बघा. दिसला तरच पुढं जा.

*रेलवर चावणारी लेव्हल.* टेलिस्कोपच्या रायफलीसाठी बनवलेली. पीपमधून ती दिसतच नाही, डोकं उचलून बघावं लागतं आणि डोकं उचललं की पोझिशन मोडली. मात्र रायफल बॅगेवर ठेवून साइट लावताना, किंवा बाजूला उभ्या कोचने बघायला ती उत्तम. १० मीटरवाल्यांनी घ्यायचीच असेल तर ही घ्या. स्वस्त आहे आणि मॅचआधी एका स्क्रूत निघते.

*दांड्यांची रिंग.* ही लेव्हल नव्हेच. काही रिंगांना तीन आणि नऊला आडव्या काड्या असतात. त्या काड्या टार्गेटच्या चौकटीच्या वरच्या कडेशी समांतर दिसताहेत का, एवढं बघायचं. ही रिंग फ्रंट साइटचाच भाग असल्याने लेव्हलची बंदी तिला लागत नाही. माझ्या मते १० मीटरच्या नवशिक्याला एवढीच वस्तू पुरे आहे आणि बुडबुड्यापेक्षा पुष्कळ स्वस्तात येते. अट एकच: टार्गेटची चौकट सरळ हवी. आपल्याकडच्या काही लेनवर ती नसते, म्हणून आधी तिला पाणसळ लावून बघा.

*मोबाइल.* घरी सराव करताना साइटच्या सपाट भागावर फोन ठेवून लेव्हलचं अॅप उघडलं की अंश दिसतात. शिकायला झकास. फक्त फोन उलटसुलट फिरवून आकडा तोच येतो का, ते एकदा तपासा.

५. काचनळी चांगली की वाईट, हे कसं ओळखायचं

नव्यांचा एक ठाम गैरसमज असतो: लेव्हल जितकी नाजूक, तितकी चांगली. गवंड्याची चांगली पाणसळ मीटरला अर्धा मिलिमीटर फरक दाखवते, म्हणजे अंशाचा साधारण ३५वा भाग. भिंतीला ते हवं. पण हातात धरलेल्या रायफलीवर तशी नळी लावली, तर बुडबुडा तापल्या तेलातल्या मोहरीसारखा उडत राहतो आणि तुम्ही शॉट सोडायचं विसरून त्याच्यामागे धावता. रायफलीला एक अंश फरक सहज दिसेल आणि पाव अंश फरक दिसणार नाही, अशी नळी लागते.

हे घरी तपासता येतं. एक सरळ लाकडी पट्टी घ्या. तिच्याखाली ५७ सेंटीमीटर अंतरावर दोन टेकू द्या. एका टेकूखाली बरोबर एक सेंटीमीटर जाडीचं काहीतरी सरकवलं की पट्टी एक अंश कलते. पत्त्यांच्या गड्डीतून पानं कमी-जास्त करून व्हर्नियरने एक सेंटीमीटर जमवता येतो. टनेलची लेव्हल गोल असल्याने पट्टीवर उभी राहत नाही. घट्ट मळलेल्या कणकेच्या गोळ्यात ती रोवा, पट्टी सपाट असताना बुडबुडा मध्यात आणा, मग गड्डी सरकवा.

एका अंशाला बुडबुडा एक ते दोन मिमी सरकला तर उत्तम. जागचा हललाच नाही तर नळी फार सुस्त आहे, ५० मीटरला कामाची नाही. थेट टोकाला जाऊन आपटला तर फार नाजूक.

मग गड्डी पटकन काढा आणि बुडबुडा परत मध्यात यायला किती वेळ लागतो ते बघा. एक सेकंदाच्या आसपास स्थिरावला पाहिजे. आतलं द्रव दाट असलं की तो रेंगाळतो. तुम्ही सरळ झालेले असता आणि बुडबुडा मात्र अजून जुनीच बातमी सांगत असतो.

रेखांचं अंतरही बघा. बुडबुडा दोन रेघांच्या मध्ये बसल्यावर दोन्ही बाजूंना थोडी फट उरली पाहिजे. डोळा दोन फटी सारख्या आहेत का हे फार पटकन ओळखतो. रेघांना चिकटून बसणारा बुडबुडा वाचायला त्रास देतो.

शेवटी प्रकाश. हिरवट-पिवळं द्रव असलेली नळी मागून उजेड मिळाला की चमकते. घरातल्या ट्यूबखाली सगळ्याच छान दिसतात. इनडोअर रेंजवर टार्गेटवर झगझगीत दिवे असतात आणि नेमबाज मात्र अंधारात. तिथं टनेलच्या आतली नळी काळवंडते. वरून किंवा पुढून उजेड आत येईल अशी खाच असलेली बनावट निवडा.

६. सोलापूरचा उन्हाळा

जर्मनीत बनलेल्या लेव्हलला एप्रिल-मेमधलं आपलं ४२-४३ अंशांचं ऊन माहीत नसतं. तापलं की आतलं द्रव फुगतं आणि बुडबुडा आकसतो. थंडीत तो लांबतो. म्हणून डिसेंबरात रेघांमध्ये चपखल बसणारा बुडबुडा मेमध्ये बारीक दिसला, तर लेव्हल बिघडली असं समजू नका. म्हणूनच वर म्हटलं की रेघांना चिकटणं बघू नका, दोन्ही बाजूंची फट बघा.

खरं नुकसान होतं ते स्कूटीच्या डिकीत. दुपारी दोन तास विजापूर रोडवर उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत किट ठेवलं, की नळीवर ताण येतो आणि बारीक चीर पडते. मग द्रव पाझरतं. बुडबुडा एकाएकी पूर्वीपेक्षा खूप मोठा दिसायला लागला, आणि तोही उन्हाळ्यात, तर नळी गेली असं समजा. ती दुरुस्त होत नाही.

आणखी एक: धूळ पुसायला स्पिरिट, थिनर किंवा सॅनिटायझर लावू नका. बऱ्याच नळ्या अॅक्रिलिकच्या असतात, अल्कोहोलने त्यांच्यावर जाळीसारख्या चिरा पडतात. चष्म्याचं मऊ फडकं आणि फार तर साधं पाणी.

७. खरेदी आणि कागद

पुणे, मुंबई किंवा दिल्लीच्या नेमबाजी साहित्याच्या विक्रेत्याकडून फोनवर मागवायची हा सरळ रस्ता. फोन करताना आधी रिंगचं माप सांगा, मग रायफलीचं मॉडेल. "मालक, सगळ्यांना बसते" असं उत्तर आलं तर फोन ठेवा. टनेलचं नेमकं माप सांगणारा विक्रेता शोधा. हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी पुण्याला जाऊन त्याच दिवशी परत येता येतं. महागातली घेणार असाल तर एकदा जाऊन स्वतःच्या टनेलमध्ये बसवून बघणं परवडतं. तेव्हाही टनेल तेवढंच न्या, रायफल घरी.

जवळ ठेवायचे कागद:

- लेव्हलचं जीएसटी बिल, त्यावर माप लिहून घेतलेलं
- क्लबचं सदस्यत्व कार्ड, असेल तर एनआरएआयचं (राष्ट्रीय रायफल संघटनेचं) शूटर आयडी
- एअर रायफलचं बिल. पॉइंट २२ असेल तर शस्त्र परवाना (हे रायफलीसाठी, लेव्हलसाठी नव्हे, पण किट एकत्र फिरतं)
- परदेशातून मागवणार असाल तर कुरिअरच्या केवायसीसाठी ओळखपत्र

परदेशी दुकानदाराला बिलावर 'रायफल पार्ट' असं मोघम लिहू देऊ नका. फ्रंट साइटसाठीची बबल लेव्हल, एक नग, किंमत अमुक, असं स्पष्ट आणि खरं वर्णन असलं की कस्टमला प्रश्न कमी पडतात. त्यावर ड्यूटी आणि कुरिअरची फी धरून हिशेब करा. बऱ्याचदा इथला विक्रेताच स्वस्त पडतो.

८. बसवणं: इथं घाई नको

आधी रायफल रिकामी, बोल्ट किंवा ब्रीच उघडा, सेफ्टी फ्लॅग (रायफल रिकामी असल्याची खूण) आत. मग हत्यारं काढा: साइटला लागणाऱ्या अॅलन की, छोटी पाणसळ, ओळंबा, वाळूच्या दोन पिशव्या, पेन्सिल.

रायफल पिशव्यांवर ठेवा. आता सरळ काय करायचं? लाकडी स्टॉक नव्हे. स्टॉक तुमच्या खांद्याप्रमाणे वाकडातिकडा असू शकतो. सरळ व्हायला हवी ती मागच्या साइटची वर-खाली होण्याची दिशा. पीप साइटच्या सपाट भागावर पाणसळ ठेवून रायफल फिरवा आणि तिथं समतल झाली की पिशव्यांनी घट्ट धरा. आता टनेलमधली लेव्हल सैल करून बुडबुडा मध्यात आणा आणि आवळा. आवळताना शेवटच्या चतकोर फेऱ्यात लेव्हल स्क्रूबरोबर किंचित फिरते. एका हाताने धरून ठेवा आणि आवळल्यावर परत बघा.

याची खात्री रेंजवर करायची. मोठ्या कागदावर ओळंबा सोडून पेन्सिलने उभी रेघ मारा. ओळंबा झुलत असेल तर लंबक पाण्याच्या ग्लासात बुडवा, लगेच थांबतो. रेघेच्या खालच्या टोकाला एक ठिपका काढा आणि कायम त्यावरच नेम धरा. रायफल टेकूवर, बुडबुडा दर वेळी मध्यात. पाच शॉट मारा. मग साइट वर करत करत ग्रुप ४ सेंटीमीटर वर जाईपर्यंत क्लिक (साइटच्या बटणाचे टप्पे) द्या आणि परत पाच मारा. दुसरा ग्रुप रेघेवरच बसला पाहिजे. ४ सेंटीमीटर चढताना तो दोन मिमी उजवीकडे गेला, तर बुडबुडा मध्यात असताना तुमची साइट सुमारे तीन अंश उजवीकडे कललेली आहे. रायफल तेवढी डावीकडे फिरवा, तशीच धरून लेव्हल सैल करा, बुडबुडा मध्यात आणा, परत आवळा, परत मारा. एक-दोन फेऱ्यांत जमतं. अर्ध्या अंशाच्या मागे लागू नका, टेकूवरचा ग्रुपच तेवढा बारीक नसतो.

९. तुम्ही मुद्दाम कलता का?

कित्येक चांगले नेमबाज रायफल थोडी तोंडाकडे कलवून धरतात, म्हणजे मान सरळ राहते. यात काही गैर नाही. झिरो (नेम आणि गोळी जुळवून साइट लावणं) त्याच कलावर केलेला असेल आणि प्रत्येक शॉटला कल तोच असेल, तर गोळी दहातच जाते. नव्यांच्या डोक्यात नेमकं हेच उलटं बसलेलं असतं. त्यांना वाटतं लेव्हल रायफल सरळ करते. तिचं काम आहे आजचा कल कालच्या कलासारखाच आहे का, हे सांगणं.

तुमचा नैसर्गिक कल असा शोधा. जॅकेट, स्लिंग सगळं लावून पोझिशन घ्या. डोळे मिटा, दोन-तीन श्वास सोडा, अंग जिथं बसेल तिथं बसू द्या. डोळे उघडून फक्त बुडबुडा बघा. उतरा, परत पोझिशन घ्या, परत तेच. कोच मागे उभा राहून बघेल तर उत्तम. फोनने व्हिडिओ काढायचा तर ट्रायपॉडही मागेच, फायरिंग लाइनच्या पुढे काहीही आणि कोणीही नाही.

बुडबुडा दर वेळी एकाच जागी थांबत असेल, तर तोच तुमचा कल. लेव्हल फिरवून त्याच जागी 'मध्य' करा. तिसऱ्या पायरीत साइट फिरते का हे बघायला सांगितलं होतं ते याचसाठी. दर वेळी वेगळ्या जागी थांबत असेल, तर लेव्हलला दोष देऊ नका. बट प्लेट खांद्यात एकाच जागी बसत नाहीये किंवा चीक पीसची उंची चुकलीय. ते आधी लावा. तोवर लेव्हल घेणं पुढे ढकललंत तरी चालेल.

कायम कलून मारणाऱ्यांनी एक हिशेब ठेवावा: क्लिकही तिरपे चालतात. दहा अंश उजव्या कलावर दहा क्लिक वर दिले, तर गोळी जवळपास दोन क्लिकइतकी उजवीकडेही जाते. साइट सरळ उभी राहील असा ब्लॉक लावून काही जण हे सोडवतात, पण पहिल्या वर्षात त्याच्या वाटेला जाऊ नका.

थ्री पोझिशनमध्ये नीलिंग, प्रोन, स्टँडिंग असे वीस-वीस शॉट असतात आणि तिन्हींत कल वेगळा निघू शकतो. टनेलवर तीन बारीक खुणा करून ठेवा आणि पोझिशन बदलताना लेव्हल त्या-त्या खुणेवर आणा. बदलल्यावर सायटिंग शॉट (गुणांत न धरले जाणारे) मारल्याशिवाय मॅच शॉट नाही.

१०. मारताना बुडबुड्याकडे कधी बघायचं

रायफल वर आली, गाल टेकला, श्वास निम्मा सुटला: आता बुडबुडा बघा. जागेवर असेल तर सोडून द्या. यापुढे नजर फक्त रिंग आणि बुल यांच्यातल्या पांढऱ्या गोलावर. ट्रिगरवर दाब चढताना नजर परत खाली गेली की शॉट बिघडलाच. बुडबुडा जागेवर नसेल तर मनगटाने रायफल पिळून त्याला मध्यात आणू नका, शॉट सोडताना हात मूळ जागी परत येतो. रायफल खाली घ्या आणि पोझिशन परत बसवा.

सरावातही दर शॉटला बघू नका. दहा शॉट बुडबुडा बघून, पुढचे दहा टनेलच्या खालच्या बाजूला काळी चिकटपट्टी लावून, आणि मग पट्टी काढून शेवटच्या पोझिशनला बुडबुडा कुठं आहे ते तपासा. १० मीटरवाल्यांना लेव्हलचा खरा फायदा या खेळातच आहे, कारण मॅचमध्ये ती नसणारच.

१० मीटरच्या मॅचला जाताना लेव्हल आदल्या दिवशी रेंजवरच काढा, हॉटेलच्या खोलीत नको. काढताना टनेल सैल झालं असेल तर झिरो हललेला असू शकतो, आणि नळीच्या तोंडाशी काही ग्रॅम कमी झाल्याने रायफलीचा तोलही किंचित मागे येतो. काढून झाल्यावर किमान दोन ग्रुप मारा, क्लिक जुळवा, टनेलच्या स्क्रूवर पेन्सिलची खूण करा. लेव्हल छोट्या डबीत घालून किटच्या तळाशी ठेवा. इक्विपमेंट कंट्रोलच्या टेबलावर रायफलीबरोबर ती बाहेर काढायची नाही.